पन्हाळ्याच्या काळ्या फत्तरांत सोनें कां नाहीं?

गड म्हटला कीं त्याच्या पोटांत पुरलेल्या धनाची गोष्ट आलीच. शिलाहारांच्या काळापासून ज्या डोंगरावर एकामागून एक राजसत्ता नांदल्या, जेथून १६६० सालच्या जुलै महिन्यांतील पावसाळी रात्रीं शिवाजी महाराज वेढा भेदून विशाळगडाकडे निघाले, त्या पन्हाळ्याविषयीं अशी गोष्ट कोणाच्या तोंडून निघाली तर नवल नाहीं. पुरलेल्या धनाचा विचार आम्ही येथें करणार नाहीं. तो शोधून काढणाराचा नव्हे, पुरणाराचा इतिहास होईल. परंतु ह्याच कल्पनेस शास्त्राचा पेहराव चढविला म्हणजे जो प्रश्न उभा राहतो तो मात्र विचारार्ह आहे. जपानांत, न्यूझीलंडांत, मेक्सिकोंत ज्वालामुखीच्या खडकांमध्यें सोन्यारुप्याच्या शिरा सांपडतात. आपला सह्याद्रि तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत ज्वालामुखीच्या रसाचाच बनलेला आहे. मग पन्हाळ्याच्या कड्यांत सोनें कां नसावें?

प्रश्न पोरकट नाहीं. त्याचें उत्तर नीट समजून घेतलें तर भूगर्भांतील सोन्याचा शोध कसा घेतात हें कळतें. आणि ज्या घरांत महिन्याकांठीं चार पैसे शिल्लक पडतात त्या घरास अधिक उपयोगाचें असें हेंही कळतें कीं, सोन्याच्या खाणीच्या नांवावर जो पैसे मागावयास येतो त्यास काय विचारावें. म्हणून हा विषय आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम पन्हाळा कशाचा बनला आहे तें पाहूं. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारें २० किलोमीटरांवर हा गड आहे. त्या बाजूच्या डोंगरांकडे लक्ष देऊन पाहिलें तर ते पायऱ्यापायऱ्यांनीं चढत गेलेले दिसतात. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हारसाचा एकेक थर, किंवा अशा थरांचा जुडगा. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूमीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून पातळ लाव्हारस पसरला; तो थिजला, त्यावर दुसरा आला; असे थरावर थर सांचत गेले. आजही महाराष्ट्राचा बहुतेक भाग व शेजारचे प्रदेश मिळून सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर भूमि ह्या खडकानें झांकलेली आहे. हाच आपला काळवत्री दगड. शास्त्रांत त्यास बेसाल्ट म्हणतात. ह्या दगडाचा माथा ऊन-पावसानें लाखों वर्षें कुजून जो तांबडा, सच्छिद्र दगड झाला तो जांभा. पन्हाळ्याजवळच्या मसाईच्या पठारावर तो उघडाच पसरलेला आहे. कोल्हापूर जिल्ह्याची खनिजसंपत्ति जी म्हणावयाची ती ह्या जांभ्याच्या पोटींच आहे. राधानगरी, शाहूवाडी व चंदगड ह्या तालुक्यांतील पठारांवर बॉक्साइट सांपडतें, आणि बॉक्साइटापासून ॲल्युमिनियम होतें.

काळ्या पाषाणाचे हे थर खालीं किती खोल जातात ह्याचीही आतां प्रत्यक्ष मोजदाद झाली आहे. पन्हाळ्याच्या उत्तरेस कोयनेच्या परिसरांत भूकंपांच्या अभ्यासासाठीं शासनानें खोल बोअर घेतले. त्यांत कोठें अर्ध्या किलोमीटराच्या आंत, तर कोठें सवा किलोमीटर उतरल्यावर काळा पाषाण संपला व त्याखालीं अतिप्राचीन ग्रॅनाइटासारखा खडक लागला. २०१७ सालीं तर एक बोअर तीन किलोमीटर खोल नेण्यांत आला. तेव्हां सह्याद्रीच्या पोटांत काय आहे हा आतां केवळ तर्काचा विषय राहिलेला नाहीं.

आतां सोन्याचा हिशेब. सोनें कोठेंच नाहीं असें नाहीं. तें सर्वत्र आहे, पण नगण्य आहे. पृथ्वीच्या कवचांतील एक टन दगडांत तें सरासरीनें सुमारें ४ मिलिग्रॅम असतें, आणि आपला काळा पाषाणही ह्या बाबतींत कांहीं अधिक श्रीमंत नाहीं. जुन्या तोळ्याचे ११.६६ ग्रॅम धरले तर एक तोळा सोन्यासाठीं सुमारें तीन हजार टन दगड फोडून, दळून, त्यावर रासायनिक क्रिया करावी लागेल. मुलाच्या मुंजींतील भिकबाळीसाठींसुद्धां डोंगराचा एक कोपरा खर्चीं पडावयाचा! खाण चालावयाची तर टनामागें साधारणतः एक-दोन ग्रॅम सोनें हवें. खोल भुयारी खाणीस त्याहूनही अधिक लागतें. म्हणजे माणसानें कुदळ मारण्यापूर्वीं निसर्गानें तें सोनें अडीचशें ते पांचशें पट गोळा करून एका जागीं ठेविलेलें असलें पाहिजे. सोन्याचा शोध म्हणजे अशा ‘गोळा केलेल्या’ जागेचा शोध होय.

हें गोळा करण्याचें काम पाणी करतें. ज्वालामुखी सोनें ओकतो ही समजूत चुकीची आहे. ज्वालामुखीखालीं कांहीं किलोमीटर खोल शिलारसाचा मोठा सांठा हळूहळू निवत असतो. त्याच्या उष्णतेनें आणि त्यांतून सुटणाऱ्या गंधकयुक्त वायूंनीं भोंवतालचें भूजल तापतें. वरच्या दडपणामुळें तें २०० ते ३०० अंशांपर्यंत तापूनही उकळत नाहीं. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरांत जी युक्ति आहे तीच ही. असें गंधकयुक्त ऊन पाणी खडकांतलें व शिलारसांतलें सोनें अत्यंत सूक्ष्म प्रमाणांत विरघळवून घेतें आणि भेगांतून वर चढूं लागतें. वर येतां येतां दडपण उतरतें व कोठेंतरी तें एकाएकीं खळखळून उकळतें. त्याबरोबर गंधकाचा वायु निघून जातो. सोन्यास पाण्यांत धरून ठेवणारा आधार तोच असल्यामुळें सोनें तेथल्या तेथें खालीं बसतें. त्याच्या संगतीनें रुपें बसतें, आणि पांढऱ्या गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, पापुद्र्यावर पापुद्रे भेगेच्या दोन्ही भिंतींवर चढत जाऊन अखेर भेग बुजते. न्हाणीघरांतील बंबाच्या आंत बसलेली क्षारांची खपली ज्यांनीं खरवडली आहे त्यांस ही शीर दिसावयास कशी असेल हें निराळें सांगावयास नको. सोन्याची शीर ती हीच. पृष्ठभागापासून सुमारें एक-दीड किलोमीटरांच्या आंत बनणाऱ्या ह्या शिरांस वाल्डेमार लिंडग्रेन ह्या भूशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत एपिथर्मल असें नांव दिलें; आपण त्यांस उथळ उष्णजलशिरा म्हणूं.

ही नुसती कल्पना नव्हे. न्यूझीलंडांत भूगर्भांतील उष्ण पाण्यावर व वाफेवर वीज उत्पन्न करतात. तेथील नळांत ज्या ठिकाणीं दडपण सुटून पाणी एकदम उकळतें त्या ठिकाणीं बसलेल्या खपल्यांत सोन्यारुप्याचें प्रमाण भरपूर असल्याचें १९८६ सालीं प्रसिद्ध झालें. निसर्ग हजारों वर्षें जें भेगांत करतो तें माणसाच्या नळांत डोळ्यांदेखत झालें.

अशा शिरांचें उत्तम उदाहरण जपानच्या क्यूशू बेटावर आहे. हिशिकारी येथें जमिनीवर सोन्याची शीर कोठेंच उघडी पडली नव्हती. खडकांतून विजेचा प्रवाह कोठें सुलभपणें जातो व गुरुत्वाकर्षण कोठें किंचित् वाढतें ह्याच्या मोजमापावरून तज्ज्ञांनीं जागा हेरली आणि १९८१ सालीं घेतलेल्या बोअरला शीर लागली. १९८५ पासून तेथें सोनें निघत आहे. तेथील दगडांत टनामागें ३० ते ४० ग्रॅम सोनें मिळालें, म्हणजे एका टनांत सुमारें तीन तोळे. पन्हाळ्याच्या तीन हजार टनांशीं हें ताडून पाहावें! त्या शिरांचें वय सुमारें दहा लाख वर्षांचें, म्हणजे भूशास्त्राच्या पंचांगांत कालपरवांचें. म्हणूनच त्या खाणींत अद्याप सुमारें ६५ अंशांचें ऊन पाणी लागतें, व तें उपसून जवळच्या स्नानगृहांस देतात. अमेरिकेंतील नेवाडा प्रांतांत १८५९ सालीं गाजलेली कॉमस्टॉकची रुप्याची शीर, न्यूझीलंडांतील वाइहीची खाण, मेक्सिकोंतील ग्वानाह्वातोचें रुपें, हीं सर्व ह्याच कुळांतलीं होत.

मग पन्हाळ्यानें काय पाप केलें होतें? उत्तर तीन कलमांत देतां येईल. पहिलें कलम रसाच्या जातीचें. जपानसारख्या प्रदेशांत समुद्राचा तळ भूखंडाखालीं खचत जातो व आपल्याबरोबर पाणी घेऊन जातो. त्यामुळें तेथला शिलारस चिकट, पाणीदार व वायुयुक्त असतो. आपल्या दख्खनचा रस पातळ व त्या मानानें कोरडा. सोनें वाहून नेणारें गंधकयुक्त पाणी त्यानें पुरेसें दिलें नाहीं. दुसरें कलम चुलीचें. सोन्याची शीर बनावयास खालीं शिलारसाची चूल एकाच जागीं दीर्घकाळ धुमसत राहावी लागते. दख्खनचा रस भेगांतून भराभर बाहेर पडून मैलोगणती पसरला व उघड्यावर निवला. त्याची उष्णता आकाशांत गेली, भूजलास ती सतत मिळाली नाहीं. तिसरें कलम काळाचें. उथळ शिरा पृष्ठभागाजवळ असल्यामुळें झिजेच्या तावडींत लौकर सांपडतात. म्हणून जगांतील अशा खाणी बहुतांशीं तरुण ज्वालामुखींच्या प्रदेशांत आहेत. एखादी शीर चुकून झालीच असती तरी साडेसहा कोटी वर्षांचे पावसाळे तिच्यावरून गेले असते.

ह्यावरून आपल्या दगडांत ऊन पाणी मुळींच फिरलें नाहीं असें मात्र समजूं नये. लाव्हारस थिजतांना त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढें कोमट-ऊन पाणी त्यांतून झिरपलें व त्या पोकळ्यांत त्यानें सुंदर स्फटिक बसविले. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, गार, कॅल्साइट अशीं त्यांचीं नांवें आहेत. पुणें, नाशिक व जळगांव ह्या बाजूंचे असे स्फटिक जगांतील मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांत मानानें ठेविलेले आहेत. परंतु त्या पाण्याजवळ जें होतें तेंच त्यानें ठेविलें: वाळूचें द्रव्य, चुना, सोडा व ॲल्युमिना. पाणी होतें, पण त्याच्या गांठीस सोनें नव्हतें. सह्याद्रीच्या पायथ्याशीं कोंकणांत राजापूर, तुरळ, उन्हवरे येथें आजही ऊन पाण्याचे झरे आहेत. उन्हवऱ्याचें पाणी तर सुमारें ७० अंश उष्ण असतें. तें पावसाचेंच पाणी होय. भेगांतून खोल उतरून, तेथल्या खडकांच्या स्वाभाविक उष्णतेनें तापून तें वर येतें. त्याच्या खालीं शिलारसाची चूल नाहीं. म्हणून अंघोळीस तें उत्तम, सोन्यास निरुपयोगी.

येथें एखादा चाणाक्ष वाचक विचारील, “कोलारचें काय? तेथलें सोनेंही जुन्या लाव्हारसाच्या खडकांतच ना?” शंका योग्य आहे. कोलारचा खडक मूळचा लाव्हारसच, पण तो सुमारें २७० कोटी वर्षांपूर्वींचा. पुढें तो भूगर्भांत दडपला गेला, दुमडला, भाजला. आणि कित्येक किलोमीटर खोलीवर उष्ण द्रवांनीं त्याच्या भेगांत सोनें आणून सोडलें. तें कूळ निराळें. त्याच्या शिरा खोलवर जातात. कोलारच्या आधुनिक खाणी १८८० सालीं सुरू झाल्या, तीन किलोमीटरांहून खोल गेल्या, ८०० टनांहून अधिक सोनें देऊन २००१ च्या फेब्रुवारींत बंद पडल्या. रायचूर जिल्ह्यांतील हट्टीची खाण मात्र अद्याप चालू आहे, व प्राचीन लोकांनीं खणलेलीं विवरेंही तेथें सांपडलीं आहेत. आपल्या सीमेजवळच्या धारवाड प्रांतांत, गदगनजीक डंबळच्या टेकड्यांतील ओढ्यांत, जलगार लोक वाळू धुऊन सोन्याचे कण काढीत. रॉबर्ट ब्रूस फूट ह्यानें त्या खडकांचें वर्णन १८७४ सालीं प्रसिद्ध केलें. महाराष्ट्रांतही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणास सोन्याच्या खुणा सांपडल्या त्या नागपूर-भंडाऱ्याकडील अतिप्राचीन खडकांत. सोनें शोधणारा मनुष्य महाराष्ट्राचा नकाशा उलगडतो तेव्हां त्याची दृष्टि काळ्या पाषाणाच्या कडेबाहेर जाते ती ह्यामुळें.

हा शोध कसा चालतो तें आतां थोडक्यांत सांगतों. पहिली पायरी नकाशाची: खडक कोणते, भेगा कोणत्या दिशेच्या. दुसरी ओढ्यांची. डोंगरांत कोठें शीर असेल तर तिचे कण ओढ्यांत उतरतातच. म्हणून ओढ्याओढ्यांतून गाळ घेऊन तो पसरट परातींत रोळतात. घरोघरीं तांदूळ रोळतांना खडा जसा मागें राहतो तसा जड कण मागें राहतो. आपले झारेकरी सोनारांच्या दुकानांपुढची माती धुऊन सोनें काढीत, त्यांची विद्या हीच. तिसरी पायरी खुणांची. उष्ण पाणी गेलें तेथील खडक कुजून पांढऱ्या-पिवळ्या मातीसारखे होतात, आणि सोन्याच्या आगेंमागें आर्सेनिक, अँटिमनी व पारा हीं द्रव्यें रेंगाळतात. सोनें सांपडण्यापूर्वीं तीं सांपडतात. चौथी पायरी चर खणून शिरेच्या आडव्या रुंदीवर ठराविक अंतरानें नमुने घेण्याची. शेवटची व सर्वांत खर्चाची पायरी बोअरची. ही अखेरीस ठेवितात, कारण आधींच्या प्रत्येक पायरीचें काम हेंच कीं, ज्या जागीं सोनें नाहीं ती जागा अल्प खर्चांत वगळावी. हजार जागा तपासाव्या तेव्हां एखादी खाण होते. म्हणून ह्या धंद्यांत ‘येथें नाहीं’ असें वेळींच सांगणारा तज्ज्ञ हाच आपल्या धन्याचे पैसे वांचवितो.

नमुन्याची परीक्षा आजही बव्हंशीं अग्नीनेंच होते. दळलेला दगड शिशाच्या संयुगाबरोबर मुशींत वितळवितात. शिसें सोनें-रुपें आपल्या पोटांत घेऊन तळाशीं बसतें. मग हाडांच्या राखेच्या लहान मुशींत तो गोळा तापविला म्हणजे शिसें राखेंत मुरून जातें व सोन्यारुप्याचा मणि उरतो. शोऱ्याच्या तेजाबांत रुपें विरतें. राहतें तें सोनें.

परीक्षा इतकी निर्दोष असतांही लोक फसतात, कारण फसवणूक परीक्षेपूर्वीं, नमुना घेतांना होते. १८७९ ते १८८१ ह्या काळांत दक्षिणेंतील वायनाड येथें गारेच्या शिरांत सोनें दिसल्यावरून लंडनमध्यें कंपन्यांचें पेंव फुटलें. चाळीस लाख पौंडांहून अधिक भांडवलाच्या कंपन्या निघाल्या; निवडक चांगल्या तुकड्यांवरून साऱ्या डोंगराची किंमत केली गेली. यंत्रें चढलीं, बंगले उठले, आणि दगड दळूं लागतांच भ्रम फिटला. हें जुनें झालें असें कोणी म्हणेल, तर १९९७ सालचें उदाहरण घ्यावें. बोर्निओ बेटावर बुसांग येथें ज्वालामुखीच्या खडकांत जगांतील एक अतिप्रचंड सोन्याचा सांठा सांपडल्याचें ब्री-एक्स ह्या कॅनडांतील कंपनीनें जाहीर केलें होतें. भागांच्या किंमती आकाशास भिडल्या. बोअरमधून निघालेला दगड अर्धा जपून ठेवावयाची सर्वत्र रीत आहे, म्हणजे दुसऱ्यास फेरतपासणी करतां येते. येथें बहुतेक सगळाच दगड दळून टाकला होता. अखेर दुसऱ्यांनीं शेजारीं नवे बोअर घेतले, तों सोनें नाहीं. जुन्या नमुन्यांतले कण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, तर ते नदींत घरंगळून गोल झालेले होते. शिरेंतलें सोनें असें गोल नसतें. नदींतलें सोनें आणून नमुन्यांत मिसळलेलें होतें. कंपनी बुडाली, आणि तिच्याबरोबर हजारों गृहस्थांची पुंजी व कित्येक निवृत्तिवेतन निधींचा पैसाही बुडाला.

आमच्या वाचकांपैकीं कोणी खाण काढावयास जाणार नाहीं. परंतु जमीन घ्या, भाग घ्या, ‘आमच्या डोंगरांत सोन्याचा अंश निघाला आहे’ असें सांगणारा मनुष्य कोणाच्याही ओसरीवर येऊं शकतो. घरांतील कर्त्या पुरुषानें, आणि ज्या घरांत पेटीच्या किल्ल्या घरधनिणीच्या कनवटीस असतात तेथें तिनें, त्यास पांच प्रश्न विचारावे. खडक कोणत्या जातीचा व किती वयाचा? नमुना कोणीं, कोठून व किती अंतरांवर घेतला. कीं चमकणारा तुकडाच तेवढा उचलला? टनामागें ग्रॅम किती, व तें प्रमाण किती रुंदीवर? नमुन्याचा अर्धा भाग शिल्लक आहे काय, व तो तुम्हीं न निवडलेल्या प्रयोगशाळेंत देतां येईल काय? आणि १९५७ च्या खनिज कायद्याप्रमाणें शासनाचा परवाना कोठें आहे? ह्यांतल्या एकाचेंही उत्तर अडखळलें तर चहा द्यावा, पैसे देऊं नयेत.

पन्हाळ्यावर मुलांना घेऊन जाणाऱ्यांस एक सूचना करावीशी वाटते. गडावर खणणें हा अपराध आहे. तो संरक्षित आहे, व जुलै २०२५ मध्यें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकीं एक म्हणून जागतिक वारशाच्या यादींतही आला आहे. पण पाहण्यास कोणाची मनाई नाहीं. रस्त्याकडेच्या दरडींत लाव्हारसाचे थर मुलांना मोजावयास सांगावे; काळ्या दगडांतील बुडबुड्यांच्या खळग्या व त्यांतले पांढरे मणि दाखवावे; आणि सोनें कां नाहीं हें त्यांच्याच तोंडून वदवावें. भुदरगड तालुक्यांत गारगोटी नांवाचें गांव आहे हें ऐकून तीं हंसतील, व गार म्हणजे काय हें पुन्हां विसरणार नाहींत.

राहतां राहिला प्रश्न कोल्हापूरच्या सोन्यारुप्याचा. गुजरींत घडणारा साज आणि हुपरीच्या कारागिरांचे चांदीचे दागिने सर्वत्र नांवाजलेले आहेत, पण त्यांतली एक गुंजही ह्या डोंगरांतली नाहीं. धातु परमुलखांतून आला. येथला आहे तो हात. साज विकत घेतांना आपण घडणावळ निराळी मोजतों, ती कोल्हापूरच्या ह्या खाणीची किंमत होय. आणि ही खाण आहे कीं नाहीं हें ठरविण्यास बोअर घ्यावा लागत नाहीं.